आधी माथेरान, मग राजगड
डोंगरात पळायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं की मी माथेरान सांगतो आणि समोरच्याचं तोंड उतरतं; त्याला थेट राजगड-तोरणा हवा असतो. पण दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही, २००३पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालेला आहे, आणि सुमारे ८०० मीटर उंचीच्या या माथ्यावर एका पॉइंटवरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या तांबड्या वाटा दाट झाडीच्या सावलीतून जातात. उत्तरेला पॅनोरमा, दक्षिणेला वन ट्री हिल. जांभ्याची ती माती कोरडी असताना पायाला मऊ, पावसात मात्र नुसता साबण. शिवाय घोड्यांची लीद, उघडी मुळं आणि तुमच्या हातातल्या केळ्यावर डोळा ठेवून बसलेली माकडं. मुख्य रस्त्यावरचे ब्लॉक गुडघ्यांना मानवत नाहीत, ते टाळलेलेच बरे. खरा कस कडा उतरताना लागतो. गारबटचं पठार उघडं, तेव्हा तिथून भिवपुरीकडे उतरायचं तर ऊन चढायच्या आत. वन ट्री हिलखालची शिवाजीची शिडी ही पळायची वाट नव्हेच. तिथे निमूटपणे हात टेकावेत. नेरळहून १९०७पासून धावणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळांवरून वर पळणारेही दिसतात. चढ सौम्य असतो, कबूल. पण स्लीपरांवर पावलांची लय जमत नाही, आणि वळणावर समोरून इंजिन आलं तर बाजूला कुठे होणार?