पासवर्ड गेला, दक्षता हवीच

गिटहब या संकेतस्थळाने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या व्यवहारांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले. जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड जेथे साठवला जातो, तेथे प्रवेशासाठी टोकन किंवा एसएसएच किल्ली असे मार्ग उरले. निर्णय योग्यच होता; परंतु किल्ली घेतली म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न सुटला, असे मानणे धोक्याचे आहे.

एसएसएचचा जन्मच पासवर्डच्या चोरीतून झाला. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेल्यानंतर १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी ही प्रणाली तयार केली. 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा देताच संगणकावर किल्ल्यांची जोडी तयार होते. सार्वजनिक किल्ली संकेतस्थळाकडे नोंदवायची, खासगी किल्ली स्वतःजवळ ठेवायची. प्रवेशाच्या वेळी खासगी किल्लीने केवळ सही होते. ती स्वतः संगणकाबाहेर जात नाही.

गणित भक्कम असले, तरी ते राबविणारी माणसे चुकतात. डेबियन लिनक्समधील एका बदलामुळे २००६ पासून तयार झालेल्या किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या होत्या, हे मे २००८ मध्ये उघड झाले. मार्च २०१२ मध्ये गिटहबमधील त्रुटीचा फायदा घेऊन एकाने 'रेल्स' प्रकल्पाच्या खात्यात स्वतःची सार्वजनिक किल्ली घुसवली. त्यानंतर सर्वच वापरकर्त्यांना आपल्या किल्ल्या तपासण्यास सांगण्यात आले.

मार्च २०२३ मध्ये तर गिटहबची स्वतःचीच आरएसए खासगी किल्ली एका सार्वजनिक रिपॉझिटरीत काही काळ उघडी पडली. २४ मार्चला ती बदलण्यात आली आणि अनेकांच्या पडद्यावर 'समोरच्या यंत्राची ओळख बदलली आहे' असा इशारा झळकला. अशा वेळी जुनी नोंद पुसून डोळे मिटून 'यस' टाइप करणे, हीच खरी पळवाट. नव्या किल्लीचा ठसा गिटहबने प्रसिद्ध केलेल्या ठशाशी ताडून पाहणे, हा त्यावरचा उपाय होता.

खासगी किल्लीला सांकेतिक वाक्याचे संरक्षण द्यावे. प्रत्येक संगणकासाठी वेगळी किल्ली असावी, म्हणजे एखादा हरवल्यास तेवढीच रद्द करता येते. नोकरी सोडून गेलेल्यांच्या किल्ल्या कार्यालयांनी त्वरित काढाव्यात. पासवर्ड लक्षात ठेवण्याचा भार हलका झाला; किल्ल्यांचा हिशेब ठेवण्याचा भार मात्र आपल्यावरच आला आहे.