पूल मोडू द्या!

उन्हाळी सुट्टी लागली, की 'मुलांना कुठल्या शिबिराला घालायचं?' हा प्रश्न पडतोच. फी परवडत नसेल तर नाराज होऊ नका. इंजिनीअरिंगचं शिबिर घरीही भरवता येतं.

आयआयटी कानपूरचे इंजिनीअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये नोकरीतून रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण उपक्रमात गेले. तिथे त्यांना आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून आकार घडवण्याची कल्पना सुचली. तुम्हीही करून पाहा.

काड्यांचं गुल आधी तुम्ही खरवडून काढा. ट्यूबचे छोटे तुकडे हे सांधे. मुलांना चौकोन करू द्या. बोटाने दाबताच तो कलतो. आता त्रिकोण दाबा. ढिम्म हलत नाही! रेल्वेच्या लोखंडी पुलात त्रिकोण का दिसतात, ते न सांगता कळेल.

मग असे त्रिकोण दोऱ्याने बांधून दोन पुस्तकांमध्ये पूल टाकायचा आणि त्यावर एकेक नाणं ठेवायचं.

पूल कोसळेल. मूल रडकुंडीला येईल आणि तुमचे हात शिवशिवतील. तेव्हा फक्त एवढंच विचारा, "आधी कुठला सांधा सुटला?" खरं शिबिर तिथून सुरू होतं.