धूर चुलीवरचाही असतो

कळंबचा किनारा असो की नालासोपाऱ्याची चाळ, तंबाखूविरोधी मोहीम म्हटली की आपण सिगारेटवरच बोलतो. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकीची तंबाखू तोंडात जाते.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मशेरी मात्र अनेक घरांत आजही तव्यावर भाजली जाते. तिचा खकाणा शेजारच्या लेकरांच्याही छातीत जातो. गरोदर बाई मशेरी लावत असेल, तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. स्वयंपाकघरात हा कायदा पोहोचत नाही. तिथे आशा सेविका, बचत गट आणि मोहल्ल्यातील जाणत्या बायाच जाऊ शकतात. जुम्म्याच्या बयानातही हा विषय यावा. मशेरी लावणाऱ्या आजीला, खालाला टोमणे मारू नका. सोबत बसून १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन लावून द्या. वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात जात नाही, म्हणून पुढच्या आठवड्यातही विचारपूस करा.