रिकाम्या स्पेनची मुरमाड वाट

गेल्या काही वर्षांत युरोपातील हौशी सायकलस्वारांचा ओढा डांबरी रस्त्यांकडून खडी-मुरमाच्या वाटांकडे वळला आहे. रुंद टायरची 'ग्रॅव्हल' सायकल त्यासाठीच घडविली गेली आणि २०२२ पासून या प्रकाराची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरू लागली. या मंडळींच्या आवडत्या प्रदेशांत स्पेनच्या अंतर्भागाचे नाव आवर्जून घेतले जाते. तासन् तास सायकल चालवावी आणि एकही मोटार आडवी येऊ नये, संध्याकाळी एखाद्या तटबंदीच्या जुन्या गावात मुक्काम करावा, ही तेथील ख्याती. ती खोटी नाही. मात्र या वाटांवर वाहने का नाहीत, असा प्रश्न विचारला की पर्यटनाच्या माहितीपत्रकात न बसणारे उत्तर हाती येते.

पूर्वेकडील तेरुएल प्रांताचेच उदाहरण घेता येईल. तेरुएल शहरातून निघून परत तेथेच येणारा सुमारे ७०० किलोमीटरचा एक सायकलमार्ग २०१९ पासून प्रसिद्धीस आला. अल्बारासिनची गुलाबी गिलाव्याची घरे, त्यांच्यावरची मुस्लिम राजवटीतील तटबंदी आणि ताहो नदीचा उगम हे सारे त्या परिसरात आहे. मार्गाचे नाव आहे 'मोन्तान्यास वासियास', म्हणजे रिकामे डोंगर. स्पेनची सरासरी लोकसंख्या चौरस किलोमीटरला ९० च्या वर असताना तेरुएल आणि सोरिया या प्रांतांत ती नऊच्या आसपास आहे. १९५० ते १९७० च्या दशकांत येथील तरुण पिढी माद्रिद, बार्सिलोना आणि बास्क प्रदेशातील कारखान्यांकडे निघून गेली. मागे राहिले वृद्ध, कुलूपबंद घरे आणि कोणी वापरत नसलेल्या वाटा. सायकलस्वाराला लाभणारी शांतता ही त्या स्थलांतराची देणगी आहे.

या वाटा मुळात पाडल्या कोणी, याचा इतिहास मोठा आहे. १२७३ मध्ये राजा दहावा आल्फोन्सो याने मेंढपाळांच्या 'मेस्ता' या संघाला सनद दिली. उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत आणि हिवाळ्यात एक्स्त्रेमादुरा वा आंदालुसियाच्या उबदार कुरणांत, असा मेरिनो मेंढ्यांचा वार्षिक प्रवास चाले. त्यांच्या लोकरीवर कास्तील राज्याची तिजोरी आणि बुर्गोसच्या व्यापाऱ्यांचा फ्लँडर्सशी चालणारा व्यवहार अवलंबून होता. त्यामुळे कळपांसाठी ९० वारा, म्हणजे सुमारे ७५ मीटर रुंदीचे राजमार्ग राखून ठेवण्यात आले. त्यांना 'कान्यादा' म्हणतात. वाटेवर नांगर चालविणाऱ्या शेतकऱ्याला दंड होई, आणि शेतकरी व मेंढपाळ यांच्यातील तंटे शतकानुशतके सुरू राहिले. अठराव्या शतकात तीस लाखांहून अधिक मेंढ्या या संघाच्या छत्राखाली होत्या. १८३६ मध्ये मेस्ता बरखास्त झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळप रेल्वेच्या डब्यांत चढले, पुढे ट्रकमध्ये. रेल्वेने वाटेवरच्या मेंढ्या नेल्या आणि रस्त्यांनी रेल्वेचे प्रवासी नेले. आज सायकली फिरतात त्या या दोन्हींच्या मागे उरलेल्या जमिनीवर.

असे असूनही या जमिनी विकल्या गेल्या नाहीत, याचे श्रेय १९९५ च्या कायद्याकडे जाते. देशभरात पसरलेल्या सुमारे सव्वा लाख किलोमीटरच्या मेंढवाटा या कायद्याने सार्वजनिक मालमत्ता ठरविल्या. त्या विकता येत नाहीत, जप्त करता येत नाहीत, आणि कितीही वर्षांच्या वहिवाटीने त्यांवर कोणाचा हक्क प्रस्थापित होत नाही. देशाच्या भूभागाचा जवळपास एक टक्का हिस्सा असा सुरक्षित झाला. पायी फिरणे, घोड्यावरून जाणे, बिगरमोटार वाहन चालविणे यांना कायद्यात मुभा आहे, पण एका अटीवर. जाण्याचा पहिला हक्क कळपाचा. म्हणजे सायकलस्वार तेथे पाहुणा आहे, यजमान मेंढी आहे. राखणीच्या दांडग्या मास्तीन कुत्र्यांशी गाठ पडली की हा कायदा न वाचताही कळतो.

कायदा कागदावर जितका भक्कम आहे तितका जमिनीवर नाही. वाटांच्या हद्दी मोजून खुणा करण्याचे काम स्वायत्त प्रांतांच्या सरकारांकडे आहे आणि ते रेंगाळले आहे. ज्या वाटेवरून वर्षानुवर्षे कळप गेला नाही, तेथे शेजारचा गहू हळूहळू आत सरकतो, कुठे नवी वसाहत उभी राहते, कुठे धरणाचे पाणी येते. माद्रिदमध्ये १९९४ पासून शरद ऋतूत मेंढ्यांचा कळप शहराच्या मध्यवस्तीतून नेला जातो आणि १४१८ च्या कराराप्रमाणे हजार मेंढ्यांमागे ५० माराव्हेदी नाणी नगरपालिकेला दिली जातात. पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात. वहिवाट मोडली तर हक्कही विरतो, हे त्या मेंढपाळांना चांगले ठाऊक असल्यामुळेच हा सोहळा दरवर्षी करावा लागतो.

दुसऱ्या प्रकारच्या वाटा रेल्वेच्या आहेत. १९९३ पासून बंद लोहमार्गांचे 'विया वेर्दे', म्हणजे हरितमार्ग, करण्याची योजना राबविली गेली आणि आज त्यांची लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढे आहे. कादिस व सेव्हिल प्रांतांतील पुएर्तो सेरानो ते ओल्वेरा हा ३६ किलोमीटरचा मार्ग यांत विलक्षण म्हणावा लागेल. १९२० च्या दशकात त्यासाठी ३० बोगदे खोदले गेले, पण त्यांतून एकही प्रवासी गाडी धावली नाही. आज तेथे सायकली धावतात आणि साफ्रामागोनच्या कड्यावरील गिधाडे वर घिरट्या घालतात. तेरुएलमधील ओहोस नेग्रोसच्या लोहखाणीपासून भूमध्य समुद्राकाठच्या सागुंतो बंदरापर्यंत १९०७ मध्ये खास खनिजासाठी रेल्वे टाकण्यात आली होती. १९७२ मध्ये ती बंद पडली. तिच्या जागी झालेला सुमारे १६० किलोमीटरचा हरितमार्ग देशातील सर्वांत लांब मानला जातो. त्याच्या शेजारून जाणारा सार्वजनिक लोहमार्ग मात्र चालू आहे, आणि तोच तेरुएलच्या रहिवाशांचा खरा विषय आहे. तेथून राजधानीला थेट गाडी नाही. पाहुण्यांसाठी बंद रेल्वे सजवायची आणि गावकऱ्यांनी चालू रेल्वेसाठी मोर्चे काढायचे, असा हा प्रकार.

हे मोर्चे लहान नव्हते. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'तेरुएल एक्सिस्ते' (तेरुएल अस्तित्वात आहे) या चळवळीने आणि सोरियातील सहकाऱ्यांनी ३१ मार्च २०१९ रोजी माद्रिदच्या रस्त्यांवर मोठी गर्दी उतरविली. 'रिकामा' ऐवजी 'रिकामा केलेला स्पेन' हा शब्द राजकारणात रुळला तो त्याच सुमारास. शब्दातला हा फरक लहान नाही, त्यात जबाबदारी कोणाची हे सांगितले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या चळवळीचा एक खासदार निवडून आला आणि जानेवारी २०२० मध्ये पेद्रो सांचेझ यांचे सरकार १६७ विरुद्ध १६५ मतांनी तरले, तेव्हा त्या एका मताला सोन्याचे मोल आले. २०२३ च्या निवडणुकीत ती जागा गेली. मागण्या होत्या डॉक्टरच्या, शाळेच्या, रेल्वेच्या, इंटरनेटच्या. सायकलमार्गाची मागणी घेऊन कोणी माद्रिदला गेले नव्हते.

म्हणून सायकल पर्यटन निरुपयोगी ठरत नाही. शंभर वस्तीच्या गावात बार म्हणजेच दुकान, चावडी आणि बातम्यांचे ठिकाण असते. वसंतात आणि शरदात येणारे दहा-वीस भुकेले सायकलस्वार तो बार आणखी एक वर्ष चालवू शकतात. जुन्या स्थानकांत उपाहारगृहे निघाली, पडकी घरे मुक्कामासाठी दुरुस्त झाली. पण हा हंगामी पैसा आहे. खोलीचे भाडे मिळाले म्हणून शाळेत मुले येत नाहीत. नगरपालिकांना मात्र हा मार्ग सोयीचा वाटतो, कारण मुरूम टाकून फलक लावणे डॉक्टर नेमण्यापेक्षा स्वस्त पडते.

कधी कधी तर हा स्वस्त पर्याय महागात पडण्याची भीती असते. पश्चिमेकडील प्लासेन्सिया ते आस्तोर्गा ही 'चांदीच्या वाटे'ची रेल्वे १ जानेवारी १९८५ रोजी प्रवाशांसाठी बंद झाली. त्याच दिवशी देशभरातील सुमारे ९०० किलोमीटरचे लोहमार्ग बंद करण्यात आले. आता सालामांका, सामोरा, एक्स्त्रेमादुरा येथील लोक ती पुन्हा सुरू करा म्हणतात, तर बेहारच्या परिसरात तिच्या बोगद्यांतून हरितमार्ग गेला आहे. जमिनीची मालकी रेल्वेच्या सरकारी कंपनीकडेच आहे आणि नगरपालिकांना ती केवळ वापरायला मिळते, त्यामुळे गाडी परत येणे कायद्याने अशक्य नाही. पण एकदा कठडे आणि बाके बसली की रूळ टाका म्हणणारा माणूसच अडथळा आणणारा ठरतो.

२०२५ च्या ऑगस्टमधील वणव्यांनी या प्रश्नाला वेगळीच धार आणली. सामोरा, लेओन, ओउरेन्से, कासेरेस हे विरळ वस्तीचे प्रांत पेटले. वर्षभरात स्पेनमध्ये साडेतीन लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले. आस्तोर्गा ते पोन्फेराडा हा सान्तियागो यात्रेचा टप्पा काही दिवस बंद ठेवावा लागला. उष्णतेची लाट आणि वारा ही कारणे होतीच. पण न चरलेले गवत आणि शेतात शिरलेली झुडपे यांनी आगीला इंधन पुरविले, हेही तितकेच खरे. कळप चरून गेलेली ७५ मीटर रुंदीची वाट आग अडविण्यास मदत करते. सायकलचे चाक हे काम करीत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने स्पेनमधील हंगामी मेंढपाळीला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांना अर्पण केले. दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणाकडे निघणारे आपल्याकडील धनगरही त्याच वर्षाचे मानकरी आहेत. स्पेनमध्ये मात्र पायी कळप नेणारी कुटुंबे आता मोजकीच उरली आहेत. वाटांसाठी येणारा निधी फलकांवर आणि नकाशांवर खर्च होतो तेव्हा त्यातला काही भाग हद्दमोजणीला, पाणवठ्यांना आणि कळप चालत नेणाऱ्यांच्या मोबदल्याला का मिळू नये, हे विचारणे रास्त आहे. वाट मोकळी ठेवण्याचे काम ते पूर्वीपासून फुकट करीत आले आहेत, आणि त्यांच्यातील बरेच जण साठीच्या पुढचे आहेत.