पदार्थविज्ञान, संगणक आणि मधली भिंत

बारावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यापुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो : पदार्थविज्ञान घ्यावे की संगणकशास्त्र? वडीलधाऱ्यांचे उत्तर बहुधा ठरलेले असते. संगणक घेतला तर नोकरी, पदार्थविज्ञान घेतले तर फार तर बी.एड. पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. त्याला या दोहोंपैकी एकाची नव्हे, दोहोंचीही गरज आहे.

या दोन विद्यांचे नाते नवे नाही. भारतात बांधलेला पहिला मोठा अंकीय संगणक ‘टिफ्रॅक’ १९६० साली सुरू झाला, तो होमी भाभा या पदार्थवैज्ञानिकाने उभारलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. ज्यांच्या कल्पनेतून १९८९ साली जागतिक माहितीजालाचा आराखडा निघाला, ते टिम बर्नर्स-ली ऑक्सफर्डचे पदार्थविज्ञानाचे पदवीधर. आणि २०२४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक हॉपफिल्ड व हिंटन यांना मिळाले ते यंत्रांच्या शिकण्यासंबंधीच्या मूलभूत कामाबद्दल. इतके दूर जावयासही नको. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांच्या ४३५ जोड्यांमधील संकेतांचा मेळ घालण्याचे काम संगणकाचे. तो मेळ बसल्याखेरीज आकाशाचे चित्र उमटतच नाही.

‘मग संगणक हे एक हत्यार आहे, लागेल तेव्हा शिकता येईल,’ असे पदार्थविज्ञानाचे काही अध्यापक म्हणतात. हे मत वरवर पटण्याजोगे आहे, पण एका साध्या उदाहरणापुढे ते टिकत नाही. सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीची कक्षा संगणकाकडून काढून घ्यावयाची आहे, असे समजा. पाठ्यपुस्तकातली पहिली रीत वापरून विद्यार्थी काळाचे लहान लहान टप्पे पाडतो, प्रत्येक टप्प्यावर जुन्या वेगाने नवे स्थान आणि जुन्या स्थानावरील बलाने नवा वेग काढतो. कार्यक्रम विनातक्रार चालतो, पडद्यावर सुबक वक्ररेषा उमटते, आणि पृथ्वी हळूहळू सूर्यापासून दूर सरकू लागते. यंत्राने चूक दाखविलेली नसते, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम ज्याच्या अंगी मुरला आहे, त्यालाच येथे काही बिघडले आहे हे दिसते. आणि आधी वेग बदलून, मग त्या नव्या वेगाने स्थान बदलले, म्हणजे केवळ दोन ओळींची अदलाबदल केली, तर कक्षा पुष्कळशी जागेवर का राहते, हे समजावयास गणनपद्धतींचा अभ्यास लागतो. एकट्या पदार्थविज्ञानाने किंवा एकट्या संगणकशास्त्राने हे शहाणपण येत नाही.

तथापि या जोडीची भलामण करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी होणाऱ्या ‘जॅम’ परीक्षेत सात विषय आहेत, त्यांत संगणकशास्त्र नाही. तेथे कसोटी लागते ती यामिकी, विद्युत्-चुंबकत्व, उष्मागतिकी आणि पुंजयामिकी यांची. दोन्हीकडचे थोडे थोडे चाखणारा विद्यार्थी त्या उंबरठ्यावरच अडखळेल. या जोडीचे फळ प्रवेशपरीक्षेत नव्हे, तर पुढे प्रबंधाचे काम हाती आल्यावर मिळते. म्हणून पदार्थविज्ञान मुख्य ठेवावे, त्यात काटकसर करू नये. आणि संगणकाकडून घ्यावयाचे ते मोजके, पण कसाचे : रीतिविचार, माहितीची मांडणी, संख्यात्मक गणन. चालू बाजारातील एखादे पॅकेज शिकविण्यात वर्ष घालवणे म्हणजे टंकलेखनाच्या वर्गाला साहित्याचा अभ्यास म्हणण्यासारखे आहे. दोहोंना जोडणारा पूल गणिताचाच. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता कच्ची राहिली तर दोन्ही तीरांवर पंचाईत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुसरा गौण विषय घेण्याची वाट कागदोपत्री मोकळी केली आहे. प्रत्यक्षात ती अडते दोन ठिकाणी. पहिली अडचण पैशाची. आपल्याकडे पदार्थविज्ञानाचा वर्ग बहुधा अनुदानित असतो, तर त्याच इमारतीतला संगणकाचा वर्ग बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. शुल्क वेगळे, अध्यापकांच्या नेमणुका वेगळ्या. शेतकऱ्याच्या किंवा कारकुनाच्या मुलाने अनुदानित वर्गात बसून शेजारच्या वर्गातला एक विषय मागितला, तर त्याचे शुल्क कोणी सोसावयाचे? याचे उत्तर शासनाने द्यावयाचे आहे, आणि ते विद्यार्थ्याच्या खिशातून येता कामा नये. ज्याच्याजवळ पैसा आहे तो बाहेरच्या वर्गात जाऊन शिकेलच. ज्याच्याजवळ नाही, त्याच्यासाठीच तर महाविद्यालय असते.

दुसरी अडचण त्या मानाने क्षुल्लक, पण तितकीच हट्टी आहे : दोन्ही विभागांची प्रात्यक्षिके एकाच दुपारी लागतात. ती सोडविण्यास मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. नव्या वर्षाचे वेळापत्रक भिंतीवर लागण्यापूर्वी दोन्ही विभागप्रमुखांनी एकदा एकत्र बसले तरी पुरे.