न झालेली कुस्ती कोण जिंकतं?

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे आम दंगल असली की जोड मैदानातच लागते. इनाम पुकारतात, जोड बरोबरीची नसली तर लोकच ओरडतात.

हेवीवेट बॉक्सिंगमध्ये नेमकं उलटं! १९८८ च्या सोल ऑलिम्पिक फायनलमध्ये लेनॉक्स लुईसने रिडिक बोला हरवलं. १९९२ मध्ये बो विश्वविजेता झाला. पण लुईसशी लढण्याऐवजी त्याने डब्ल्यूबीसीचा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. व्यावसायिक रिंगणात दोघं कधीच भिडले नाहीत. पट्टे अनेक, प्रमोटर वेगळे, टीव्हीचे करार वेगळे. सोप्या लढतीतही पैसा मिळतोय, मग हरायचा धोका कोण घेणार?

आपण हसायचं कारण नाही. संघटना दोन म्हणून २०२५ मध्ये एकाच जिल्ह्यात दोन 'महाराष्ट्र केसरी' झाले: अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके. दोघांच्याही मेहनतीला सलाम. पण तालमीत घाम गाळणाऱ्या पोराने कोणत्या गदेचं स्वप्न बघायचं?

माझं मत सरळ आहे. संघटनांनी भांडावं, पण केसरी एकच असावा. न झालेली कुस्ती धंदा जिंकतो. हरतो तो मातीत बसून वाट बघणारा प्रेक्षक.