आपत्ती नसतानाचा रेडिओ

डिसेंबर २००४च्या सुरुवातीला हौशी रेडिओवाल्यांचा एक चमू पोर्ट ब्लेअरला उतरला. नेतृत्व भारती प्रसाद यांचं होतं आणि मोहीम हैदराबादच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ’ची. मोहिमेचं कारण ऐकून बाहेरच्या माणसाला हसू यावं. अंदमानातून सुमारे १७ वर्षं एकही हौशी केंद्र हवेत आलेलं नव्हतं आणि जगभरातले हजारो लोक या बेटांचा आवाज एकदा तरी आपल्या वहीत नोंदवायला टपून बसले होते. तेवढ्यासाठी सरकारी परवानग्या काढल्या गेल्या, संच नेले, अँटेना उभारल्या. ‘व्हीयू४’ने सुरू होणारी केंद्राची ओळखखूण (कॉल साइन) ऐकू येताच युरोप-अमेरिकेतून हाकांची झुंबड उडाली.

२६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हादरली आणि मग समुद्र आत घुसला. फोन गेले, वीज गेली. आधीचे तीन आठवडे ज्या संचावर ‘तुमचा आवाज स्पष्ट येतोय’ एवढंच बोललं जात होतं, त्यावरून आता कोण सुखरूप आहे याच्या याद्या मुख्य भूमीवर जाऊ लागल्या. पुढे कार निकोबारशीही याच मंडळींनी संपर्क जोडला.

हॅम रेडिओवरच्या, म्हणजे या हौशी रेडिओवरच्या, बहुतेक लेखांत ही गोष्ट येते आणि बहुतेक वेळा तिच्यातून उलटा अर्थ काढला जातो. हॅम रेडिओ आपत्तीत उपयोगी पडतो, म्हणून त्याला उत्तेजन द्यावं, असा तो अर्थ. पण ती माणसं तिथे आपत्तीसाठी गेलीच नव्हती. ती गेली होती निव्वळ हौसेपोटी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ‘याचा उपयोग काय?’ म्हणून विचारावं अशा कामासाठी. उपयोग नंतर आला. तीन आठवडे रात्रंदिवस खटपट केल्यामुळे कोणत्या वेळी कोणता बँड (लहरींचा पट्टा) उघडतो, अँटेना कुठे तोंड करून बांधली तर मुख्य भूमी मिळते, हे त्यांच्या हाताला ठाऊक झालं होतं. नेमके तेच संच त्या दिवशी कुणी कपाटातून काढून, माहितीपुस्तिका उघडून चालवायला बसलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करून पाहावी.

म्हणून या छंदाची वकिली करताना महापूर आणि भूकंपाचा धाक दाखवणं थांबवलेलं बरं. संच खरेदी करायला एक निविदा पुरते. खरखरीतून अर्धवट शब्द उचलणारा कान मात्र निविदेतून मिळत नाही. तो वर्षानुवर्षं निरुद्देश ऐकण्यातूनच तयार होतो.

निरुद्देश हा शब्द इथे कौतुकाने वापरला आहे. शॉर्टवेव्हचा शोधसुद्धा असाच लागला. १९१२ साली अमेरिकेने कायदा करून हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं. लांबच्या संपर्काला लांबच लहरी लागतात, अशी तेव्हा मोठ्या कंपन्यांची आणि नौदलाची समजूत होती. आखूड लहरी म्हणजे टाकाऊ माल, तो पोरासोरांना दिला की ब्याद गेली, असा हिशेब. पोरासोरांनी त्या टाकाऊ लहरींवर डिसेंबर १९२१मध्ये अमेरिकेतून पाठवलेले संकेत स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या तंबूत ऐकले. १९२३मध्ये अटलांटिकच्या दोन्ही बाजूंनी परस्पर बोलणं झालं. १८ ऑक्टोबर १९२४ला न्यूझीलंडमधला एक मेंढपाळ, फ्रँक बेल, लंडनमधल्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याशी पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकावर बोलला. त्यानंतर कंपन्या आणि सरकारं त्याच लहरींवर हक्क सांगायला धावली, हे ओघाने आलंच.

भारतात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१मध्ये परवाना मिळाला, तो पहिला मानला जातो. १९३९मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी हौशी परवाने रद्द केले. पण हातातलं कसब जप्त होत नाही. ऑगस्ट १९४२मध्ये २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला, तेव्हा प्रक्षेपक बांधून देणारा होता नरिमन प्रिंटर हा हौशी तंत्रज्ञ. पोलिसांच्या शोधगाड्या मागावर असल्यामुळे जागा सतत बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबरला केंद्र पकडलं गेलं, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांनी येरवड्याला तुरुंगवास भोगला. प्रिंटरने मात्र पकडला गेल्यावर पोलिसांना माहिती दिली. रेडिओची हौस असली म्हणून माणूस शूरच असतो असं नाही, याचीही नोंद घ्यावी.

आजचं चित्र काय? केंद्राच्या दूरसंचार विभागातली वायरलेस शाखा परवाना देते. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेली कुणीही व्यक्ती परीक्षा देऊ शकते. त्यात थोडं रेडिओचं तंत्र असतं, थोडे नियम. ‘रिस्ट्रिक्टेड’ वर्गाला व्हीयू३ने सुरू होणारी खूण मिळते, ‘जनरल’ला व्हीयू२ने, जनरलसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स ही संकेतलिपीही यावी लागते. मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३मध्येच उठली, अमेरिकेने २००७मध्ये ती काढून टाकली. मोर्स ही देखणी गोष्ट आहे, कमी ताकदीत फार दूर जाते आणि एकदा बोटांत बसली की सुटत नाही. पण दारावरच ती अडवून उभी करण्यात आता अर्थ राहिलेला नाही. ज्याला गोडी लागेल तो आपणहून शिकेल.

संचांच्या बाबतीत तर हा काळ सुगीचा आहे. एकेकाळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लष्करी भंगारातले ट्रान्सिव्हर (बोलण्या-ऐकण्याचे संच) शोधत फिरणं, हाच या छंदाचा अर्धा भाग होता. आता टीव्हीसाठी बनवलेला अंगठ्याएवढा डाँगल लॅपटॉपला लावला की सुमारे २४ मेगाहर्ट्झपासून १.७ गिगाहर्ट्झपर्यंतचं आकाश पडद्यावर धबधब्यासारखं उतरताना दिसतं. खर्च काही हजार रुपये. ज्याला हाताने बांधायचं आहे त्याच्यासाठी हैदराबादच्या अशर फरहान यांनी ‘बिट्एक्स’ हा ट्रान्सिव्हर रचला. बाजारात सहज मिळणारे ट्रान्झिस्टर, हाताने गुंडाळायच्या कॉइल, आणि आराखडा सगळ्यांना खुला. जगभर तो बांधला गेला. भारतीय इलेक्ट्रॉनिक्सने जगाला दिलेल्या खऱ्याखुऱ्या देणग्यांत त्याची गणना व्हायला हवी. होत नाही, कारण तो विकण्यापेक्षा वाटण्यासाठी बनला.

एक सावधगिरी. ऑनलाइन मिळणारे स्वस्त चिनी हँडसेट अनेक जण ट्रेकला न्यायला म्हणून घेतात आणि बटण दाबून बोलू लागतात. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे. मे २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा वॉकीटॉकींच्या विक्रीवरून तेरा ऑनलाइन बाजारांना नोटिसा धाडल्या, त्या उगाच नाहीत.

पण बोलण्याआधी ऐकावं, हा या छंदातला जुना शिरस्ता आहे आणि मराठी घरांना तो नवा नाही. १९५२पासून रेडिओ सिलोनवर लागणाऱ्या ‘बिनाका गीतमाला’साठी सुई केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसलेली पिढी शॉर्टवेव्हचीच विद्यार्थिनी होती. आवाज लाटेसारखा का येतो नि जातो, हे तिला कुणी सांगितलं नाही इतकंच. सांगण्यासारखं मात्र बरंच आहे. जमिनीपासून साधारण साठ किलोमीटरच्या वर सूर्यकिरणांमुळे हवेचे कण विद्युतभारित होतात. दिवसा सर्वांत खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरचा थर त्याच लहरी हजारो किलोमीटर दूर वळवून खाली पाठवतो. म्हणून दुपारी मुका वाटणारा ४० मीटरचा बँड संध्याकाळी बोलू लागतो. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळी, उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर थोडाच वेळ असे रस्ते उघडतात की शंभर वॉटमध्ये दक्षिण अमेरिका ऐकू यावी. वेळ चुकली की गेली.

या सगळ्याची सूत्रं सूर्याकडे आहेत आणि सूर्याच्या लहरीपणाची फार मोलाची वही महाराष्ट्रात आहे. सप्टेंबर १८५९मधलं प्रचंड सौर वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मोजलं गेलं होतं; त्या नोंदी आजही जगभरचे अभ्यासक तपासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमापं बिघडतील, म्हणून १९०४मध्ये हे काम अलिबागला हलवलं गेलं. मे २०२४मध्ये मोठं सौर वादळ झालं, तेव्हा लडाखच्या हानले इथल्या आकाशात उमटलेला लाल प्रकाश सगळ्यांनी फोनवर पाहिला. हौशी रेडिओवाल्यांनी त्याच वेळी शॉर्टवेव्हचे बँड एकामागून एक गप्प होताना ऐकले. पदार्थविज्ञानाचा असा तास कोणत्या वर्गात भरतो?

‘हे सगळं व्हॉट्सअॅपवर फुकट होतं की,’ हा आक्षेप ठरलेला आहे आणि त्यात चूक काही नाही. निरोपच पोचवायचा असेल तर फोन बरा. पण होडी असताना पलीकडे पोहून जाणाऱ्याला कुणी वेडा म्हणत नाही. इंटरनेटवरून ब्राझीलशी बोलताना मधल्या सगळ्या गोष्टी दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीच्या असतात. २० मीटरच्या बँडवरून बोलताना मध्ये फक्त आपली दहा मीटरची तार आणि आकाश.

छंदाच्या आतही भांडणं आहेत, आणि ती रंगतदार आहेत. २०१७मध्ये ‘एफटी८’ ही पद्धत आली. यात पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने दोन संगणक एकमेकांना अगदी आखूड संदेश पाठवतात, आणि कानाला खरखरीशिवाय काही ऐकू येत नसतानाही संगणक तो वाचतो. जुनी मंडळी चिडली: यात माणूस कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. पण ही पद्धत रचणाऱ्यांपैकी एक जो टेलर आहेत, जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३चं नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ आणि लहानपणापासूनचे हॅम. खरखरीत गाडलेला क्षीण संकेत उपसून काढायचा, हेच त्यांनी दोन्हीकडे केलं. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या घेऊन जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तेच करते. शिवाय फ्लॅटच्या खिडकीबाहेर हातभर तार टांगणाऱ्याला एफटी८नेच पहिल्यांदा जग दाखवलं. तेव्हा तक्रार जरा मऊ आवाजात करावी.

आकाशातही या हौसेची पावलं उमटली आहेत. मे २००५मध्ये इस्रोने खास हौशी लोकांसाठी ‘हॅमसॅट’ सोडला; त्यातल्या दोन ट्रान्सपाँडरपैकी एक नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्याने बनवला होता. जून २०१६मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ गेला. एक किलोचाही नाही असा हा उपग्रह विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी मिळून बांधला आणि त्याचं काम होतं हौशी लोकांचे निरोप एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणं. जुलै २०२५मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून भारतीय विद्यार्थ्यांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरूनच. स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा त्याचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर साध्या संचावर मिळू शकतो. एका फेरीत फार तर दहा मिनिटं. राज्यातल्या प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात असा कान लावणारं एक केंद्र असावं, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

खरी अडचण कुठे आहे? ती गच्चीवर आहे. ७ मेगाहर्ट्झसाठी, म्हणजे ४० मीटरच्या बँडसाठी, साधारण वीस मीटर लांबीची तांब्याची तार लागते. ती बारीक असते, लांबून दिसतही नाही. ज्या गृहनिर्माण संस्था भाड्यासाठी मोबाइल टॉवरला गच्ची आनंदाने देतात, त्यांच्याच सभेत या तारेवरून तास-तास खल होतो. ‘किरणोत्सर्ग’, ‘वीज पडेल’, ‘उद्या सगळेच मागतील’. सगळेच मागतील अशी शक्यता असती तर हा लेख लिहायची गरजच पडली नसती. केंद्राचा परवाना हातात असलेल्या रहिवाशाला सुरक्षिततेच्या अटी पाळून तार बांधू द्यावी, एवढी एक ओळ सहकार खात्याच्या आदर्श उपविधीत आली तरी पुष्कळ होईल. दुसरी अडचण गोंगाटाची. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर, सोलर इन्व्हर्टर असा कचरा ओकतात की शहरात क्षीण केंद्रं त्याखाली बुडतात. त्यावर कायद्यापेक्षा चांगला चार्जर हाच उपाय.

सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राने कळस गाठल्याचं ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालं. आता उतार. १० मीटरचा बँड, जो गेली दोन-तीन वर्षं थोड्या ताकदीतही जग फिरवून आणत होता, तो हळूहळू पेंगू लागेल. ४० आणि ८० मीटर मात्र रात्री अधिक शांत, अधिक लांबचे होतील. ८० मीटरसाठी तार चाळीस मीटरची लागते. म्हणजे सोसायटीच्या सचिवांशी बोलणी आत्तापासून सुरू केलेली बरी, आणि शेजारच्या इमारतीच्या सचिवांशीही.